प्रेस

आमच्याकडे नाशिकरोडला
'नाना कुठे आहेत?' असं कुणी विचारलं
की आई एका शब्दात सांगायची : प्रेसला.
मला तो कितीतरी वर्षं गावच वाटायचा,
भोंग्याच्या आवाजात वसलेला,
जिथून माणसं रोज झडती देऊन परत येतात.

नाना तिथे नोटा मोजायचे.
घरी वीस तारखेनंतर
ते काम आईकडे असायचं
आणि ते लवकर उरकायचं.

जेलरोडच्या कोपऱ्यावर सखाहरीनं
टपरीला पाटी लावली : गजानन प्रेस.
लगीनसराईत पळशाहून दोघे आले
पत्रिकेचा मजकूर घेऊन.
सखाहरीनं तो चष्मा लावून वाचला,
वधूच्या मामाचं नाव राहिलंय म्हणाला,
आणि नवरदेवाची सफारी मागून घेतली, अर्जंट.
'इस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांच्या बोटीतून उतरलाय,
मी एकदा त्याला शहाणपणानं सांगितलं.
'उतरला असेल,' कोळसे फुंकत तो म्हणाला,
'चटका इथलाच आहे.'

पुढे मी शब्दांच्याच नादी लागले.
वाचनालयातल्या जाड कोशात,
दोन्ही हातांनी उचलावा लागे असल्या,
प्रेस सापडला लॅटिनच्या तळघरात.
मूळ अर्थ : दाबणे.
भाऊबंद पुष्कळ.
मनमाडहून सुटणारी एक्स्प्रेस,
आईच्या कुकरचं प्रेशर,
रबरी शिक्क्याचं इम्प्रेशन,
आणि वरच्या मजल्यावरच्या शैलाताईचं ते,
ज्याला आमच्या चाळीत 'डोकं दुखतं' म्हणत.

मोहाडीला मावसभाऊ वायनरीत लागला.
त्यानं मोठं पिंप दाखवलं, म्हणाला, हा प्रेस.
खालून रस येत होता, सावकाश,
कुणी रागावून दाबत नसल्यासारखा.
तेव्हा कोशातली ती ओळ आठवली :
आधी द्राक्षांचा होता,
मग कुणीतरी त्याच मळसूत्राखाली
ओल्या शाईचा कागद ठेवून पाहिला.
म्हणजे भाऊ आणि नाना
एकाच यंत्राच्या दोन पाळ्यांवर.
एवढ्या जवळ राहून
दिंडोरीला आणि नाशिकरोडला
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक प्रेस होता.
तो या घराण्यातला नव्हताच.
विलायतेत खलाशांना जबरीनं बोटीवर न्यायचे,
हातात आगाऊ पैसे कोंबून.
त्या पैशाचं नाव ऐकायला जवळपास हेच.
आपल्याकडे उचल म्हणतात.
पुढे लोकांनी दोन्ही शब्द एक करून टाकले.
पंडित त्याला चूक म्हणतात.
उचल घेतलेल्या माणसाला विचारा
दाब कशाला म्हणतात ते.

हे सगळं मी नानांना सांगितलं,
एका बैठकीत, उदाहरणांसकट.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
मग म्हणाले, 'पाय चेप जरा.'
चेपणे त्या कोशात नव्हतं.

परवा नोव्हेंबर लागला.
पेन्शनवाल्यांची रांग, हयातीचा दाखला.
काउंटरवर कोवळा मुलगा, छोटं काळं यंत्र.
'आजोबा, अंगठा प्रेस करा.'
लाल दिवा.
'नीट प्रेस करा.'
लाल.
चौतीस वर्षं कागद मोजून मोजून
नानांच्या अंगठ्यावरच्या रेघा
कुठल्या कुठल्या नोटांबरोबर
कुठल्या कुठल्या गावी गेल्या असतील.
'अजून जोरात. प्रेस, आजोबा, प्रेस.'

नाना मागे वळून माझ्याकडे बघतात,
भोंगा होऊन गेलाय
आणि गेट बंद झालंय असे.

मी पुढे होते.
त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवते
आणि दाबते.

'ताई, तुमचा नको,' मुलगा म्हणतो,
'त्यांचा हवा.'

'त्यांचाच आहे,' मी म्हणते.